शास्त्रज्ञाचे वजन कशात मोजायचे?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वडील निवृत्त शिक्षक, वय ७२. वर्षभरापासून विसरायला लागलेले. चहा झाला तरी पुन्हा चहा मागायचे, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायचे. गृहस्थांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "डॉक्टरसाहेब, ही स्मरणशक्तीची पावडर. महिन्याला सहा हजार. पण ज्या मेंदूशास्त्रज्ञाच्या शोधावर ती बनवलीय, त्याच्या लेखाचा जगात दोन हजार वेळा संदर्भ दिलाय. मग खोटं कसं असेल?" पावडरीसाठी दुभती म्हैस विकायची तयारी होती.

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर सर्वांसाठीच लिहितो.

एक शास्त्रज्ञ लेख लिहितो. दुसरा आपल्या लेखात त्याचा उल्लेख करतो. त्या उल्लेखाला 'साइटेशन' म्हणतात. २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. एखाद्याचा एच-इंडेक्स ४० म्हणजे त्याच्या ४० लेखांना प्रत्येकी किमान ४० उल्लेख मिळाले. आज नोकरी, बढती, अनुदान देताना हे आकडे पाहिले जातात. पण उल्लेख म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे. चूक दाखवणाराही उल्लेख करतोच. पंगतीत किती पाने उठली, यावरून स्वयंपाकाची चव कळत नाही.

विस्मरणाच्या आजारातलेच उदाहरण घ्या. २००६ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे सिल्व्हेन लेस्ने, कॅरन अ‍ॅश व सहकारी यांचा लेख 'नेचर'मध्ये आला. एका विशिष्ट अमायलॉइड प्रथिनामुळे उंदरांची स्मृती बिघडते, असा त्यात दावा होता. उल्लेख वाढत वाढत अडीच हजारांच्या घरात गेले. काही प्रयोगशाळांना मात्र ते प्रथिन सापडतच नव्हते. २०२२ मध्ये मॅथ्यू श्रॅग या मेंदूविकारतज्ज्ञाने लेखातील चित्रांवर घेतलेला आक्षेप 'सायन्स' नियतकालिकाने उजेडात आणला. चित्रांत फेरफार झाल्याचे अ‍ॅश यांनी पुढे मान्य केले आणि जून २०२४ मध्ये लेख मागे घेण्यात आला. लेस्ने यांनी त्याला संमती दिली नाही. लेख गेला, तरी त्याच्यावर विसंबून लिहिलेले लेख ग्रंथालयांत आहेतच.

म्हणून अमायलॉइडचा सगळा विचारच खोटा, असेही समजू नका. त्यावर आधारित लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. ते आजाराची गती थोडी कमी करते, आजार बरा करत नाही. शिवाय मेंदूला सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका असतो.

आता उलट उदाहरण. १९०६ साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील बदल सभेत मांडले. कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. त्या दिवशी आकड्याने मोजले असते, तर त्या कामाची किंमत शून्य ठरली असती.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. संशोधनाला तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून तेच पाहिले का? तो उंदरांवर झाला की माणसांवर? आणि रुग्णाच्या रोजच्या जगण्यात किती फरक पडला? उल्लेखांचा आकडा त्यानंतर.

त्या गृहस्थांना मी म्हटले, म्हैस राहू द्या, आधी रक्त तपासा. थायरॉइड व बी-१२ पाहिले. बी-१२ बरेच कमी निघाले. इंजेक्शने सुरू केली आहेत. मास्तर पूर्वीसारखे होतील, असे आश्वासन मी दिलेले नाही. बी-१२ हेच कारण असेल तर सुधारणा होईल, नसेल तर तज्ज्ञांकडे पाठवीन. तपासणीचा खर्च पावडरीच्या एका महिन्याहून कमी आला.

वाचकहो, घरातले वडीलधारे विसरू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका आणि जाहिरातीमागेही धावू नका. रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-१२ तपासा. ऐकू कमी येत असेल तर कानही दाखवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या गोळीसकट, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. आणि कोणी शास्त्रज्ञाचे मोठे आकडे दाखवून काही विकू लागला, तर वरचे तीन प्रश्न त्याला जरूर विचारा.