पहाटे न सुटणारी डिझेल गाडी

ज्या कुटुंबांचा गांवाकडे मळा किंवा लहानसा व्यवसाय आहे, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या अंगणांत एखादी जुनी डिझेल गाडी अद्यापि उभी असते. पौषांतल्या पहाटे ती सुरू होईनाशी झाली, कीं घरांत एकच निवाडा होतो : बॅटरी गेली, नवी आणा! आमचें म्हणणें असें, कीं पैसा खर्च करण्यापूर्वीं धुराकडे पाहावें.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी इंधन पेटविते. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्यांत ठिणगीच नाहीं. हवा जोरानें दाबली म्हणजे ती तापते, व त्या उष्णतेनें इंधन पेट घेतें. महिंद्रांच्या कित्येक जुन्या गाड्यांत प्यूजो कंपनीच्या आराखड्याचें चार सिलिंडरांचें इंजिन असे. तसल्या इंजिनांत इंधन प्रथम एका लहान कोठडींत फवारलें जातें. थंडींत कोठडीच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कोठडींत विजेनें तापणारी एक कांडी बसविलेली असते. तिलाच ग्लो प्लग अथवा हीटर प्लग म्हणतात. ज्या ट्रकांत इंधन थेट सिलिंडरांत फवारलें जातें, त्यांपैकीं पुष्कळांस असे प्लग नसतातच. तेव्हां आपल्या गाडीस ते आहेत कीं नाहींत, हें आधीं पाहावें.

स्टार्टर फिरत असतां सायलेन्सरांतून मुळींच धूर येत नसेल, तर इंधन पोंचत नाहीं असें समजावें. टाकी व फिल्टर तपासावे, आणि नळींत हवा शिरली असल्यास ती हातपंपानें काढून टाकावी. पांढरा धूर येत असेल, तर इंधन येतें पण पेटत नाहीं. तेथें संशय ग्लो प्लगांवर घ्यावा. स्टार्टरच मंद फिरत असेल, तर मात्र बॅटरी व तिच्या तारांचीं टोंकें पाहावीं.

प्लगांची परीक्षा घरींही होते. चावी बंद ठेवून प्लगांना जोडणारी पट्टी काढावी. बारा व्होल्टच्या टेस्ट-लॅम्पची तार बॅटरीच्या धन टोंकास लावून लॅम्पचें दुसरें टोंक एकेका प्लगच्या माथ्यास टेकवावें. दिवा लागला तर प्लगमधील तार शाबूत आहे. न लागला तर तो प्लग निकामी. सर्व प्लग चांगले निघाले, तर पट्टी पुन्हां बसवावी, लॅम्पची तार इंजिनाच्या धातूस जोडावी, व चावी तापविण्याच्या जागीं असतां पट्टीवर वीज येते कीं नाहीं तें पाहावें. येत नसेल तर दोष रिलेचा, फ्यूजचा अथवा तारेचा आहे. नवे प्लग आणून कांहींएक उपयोग नाहीं.

प्लग काढावयाचाच तर इंजिन कोमट असतां हळूहळू फिरवून काढावा. टोंक फुगलेला प्लग जोर केल्यास आंतच तुटतो, आणि मग हेड उतरविण्याची पाळी येते.

एक गोष्ट मात्र घरांतील तरुण मंडळींस आम्ही आवर्जून सांगतों. घाईच्या वेळीं कित्येक जण हवेच्या नळींत ईथरचा फवारा मारतात. ज्या इंजिनांस ग्लो प्लग आहेत, तेथें हें कदापि करूं नये. तापलेल्या कांडीवर ईथर अवेळीं भडकतो; इंजिन फुटूं शकतें आणि ज्वाळा माणसाच्या तोंडावरही येऊं शकते.

सर्व ठीक असूनही पांढरा धूर राहिला, तर इंजिनाचा दाब कमी झाला असावा. तें काम मेकॅनिकचें. परंतु त्याच्याकडे जातांना आपण काय काय पाहिलें हें नीट सांगतां आलें, तर त्याचा वेळ वांचेल आणि आपला पैसाही.