रिकामी सूची आणि न तपासलेली प्रत

ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाची संहिता संगणकात भरणे म्हणजे छापील पानाची नक्कल उतरवणे, असा समज मराठीच्या अभ्यासकांत अद्याप रूढ आहे. या समजामुळे संहितेची रचना ठरविण्याचे काम सहजपणे टंकलेखक आणि प्रोग्रॅमर यांच्याकडे जाते. वस्तुतः ती रचना ठरविणे हा पाठचिकित्सेचाच भाग होय.

अशा कामात आज बहुधा जेसन ही मांडणी वापरतात. तिच्यात नाव-मूल्यांच्या जोड्या असतात आणि क्रमबद्ध सूच्या, म्हणजे अ‍ॅरे, असतात. ग्रंथाच्या पोटात अठरा अध्यायांची सूची, प्रत्येक अध्यायात ओव्यांची, ओवीत चरणांची आणि पुन्हा पाठभेदांची, अशी एकात एक रचना तयार होते. ही मांडणी पायथॉनमध्ये वाचली की हाती केवळ कोशवजा जोड्या आणि सूच्या येतात. त्यांतून 'ओवी', 'पाठभेद' अशा क्लासचे ऑब्जेक्ट घडविणे हे वेगळे काम आहे. ते वरच्या स्तरावरच थांबले, तर ओवी ऑब्जेक्ट बनते आणि तिच्या पोटातील पाठभेद कच्च्या स्वरूपात तसेच राहतात. यात बिघाड चटकन दिसत नाही, हीच खरी अडचण.

एका ओवीला दोन पाठभेद असताना 'पाठभेद' हे नाव दोनदा लिहिले गेले, असे समजू. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी 8259 या मानकानुसार एका ऑब्जेक्टमधील नावे एकमेव असावीत. मात्र ती सक्ती नाही. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट यांची प्रचलित साधने अशा वेळी शेवटचे मूल्य ठेवतात, आधीचे टाकून देतात आणि कोणतीही सूचना देत नाहीत. एका हस्तलिखिताची साक्ष अशा रीतीने नाहीशी होते. याउलट, पाठभेद एकच आहे म्हणून तो सूचीत न घालता नुसता शब्द म्हणून लिहिला, तर सूचीची अपेक्षा धरणारा पायथॉन प्रोग्रॅम त्या शब्दाचेच तुकडे मोजू लागतो. 'ज्ञान' या एका पाठाचे ज, हलन्तचिन्ह, ञ, काना आणि न असे पाच 'पाठभेद' होतात! हा प्रमाद निदान हास्यास्पद असल्याने सापडतो तरी.

ओवीक्रमांकाचेही तसेच आहे. पायथॉनची सूची शून्यापासून मोजली जाते. शिवाय एखाद्या प्रतीत ओवी गळाली की पुढील सर्व स्थाने सरकतात. म्हणून क्रमांक स्थानावरून न काढता प्रत्येक ओवीत स्वतंत्रपणे नोंदविला पाहिजे, आणि तो कोणत्या आवृत्तीचा हेही. राजवाडे यांची 1909 ची आवृत्ती आणि अन्य प्रचलित आवृत्त्या यांतील ओवीक्रमांक सर्वत्र जुळत नाहीत, हे अभ्यासकांस सांगावयास नकोच.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न रिकाम्या सूचीचा आहे. प्रत ताडून पाहिली आणि पाठभेद आढळला नाही, ही एक गोष्ट. प्रत ताडलीच नाही, ही दुसरी. आणि प्रतीचे ते पान फाटलेले आहे, ही तिसरी. प्रोग्रॅमर सोयीसाठी क्लासमध्ये असे ठरवितो की, नोंद नसेल तर रिकामी सूची धरावी. त्याच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे, कारण प्रोग्रॅम अडत नाही. मात्र त्या एका ओळीने न तपासलेल्या प्रतीला 'पाठभेद नाही' असा दाखला मिळतो. पुढे कोणी अभ्यासक पाठभेदांची गणना करून अमुक अध्याय सर्व प्रतींत एकरूप आहे असा निष्कर्ष काढील, आणि तो निष्कर्ष केवळ सोयीतून निपजलेला असेल.

तंत्राच्या बाबी तंत्रज्ञांनी पाहाव्यात, हा आक्षेप येथे टिकत नाही. तिन्ही स्थितींत भेद आहे हे हस्तलिखित हाताळणाऱ्यालाच ठाऊक असते. तेव्हा 'ताडले', 'ताडले नाही' आणि 'प्रत खंडित' अशी स्थिती प्रत्येक प्रतीसाठी वेगळ्या नोंदीत आली पाहिजे, आणि ती नोंद नसल्यास प्रोग्रॅमने गृहीत न धरता थांबले पाहिजे. हस्तलिखितांच्या परिचयाला संपादक प्रस्तावनेत पाने देतात; क्लासची ही व्याख्या, तिच्यातील गृहीत मूल्यांसह, त्याच प्रस्तावनेत छापावयास हवी.