वहीतली इंडियन एअरलाइन्स

विमानात बसणे ही आपल्या भागात फार दिवस सांगण्यासारखी गोष्ट होती. सांबऱ्याच्या विमानतळावर पोचवायला घरची दहा माणसे जात आणि परत आल्यावर प्रवासाचे वर्णन आठवडाभर चाले. त्यामुळे काही हौशी माणसांनी आपल्या विमानप्रवासांच्या वह्या ठेवल्या. तारीख, कुठून कुठे, विमानाचा नंबर, खिडकी मिळाली की नाही, असे साधे रकाने. अशी वही आपल्याही घरात एखाद्या फडताळात असेल. नसली तर जुनी तिकिटे एखाद्या पाकिटात नक्की असतील.

या वह्यांपुढे आता एक पेच उभा आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी एआयएक्स कनेक्ट ही कंपनी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली. हे नाव ओळखीचे वाटणार नाही, पण जून २०१४ मध्ये बंगळूर-गोवा मार्गावर पहिले उड्डाण करणारी एअरएशिया इंडिया ती हीच. पुढे १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. मग वहीतल्या जुन्या नोंदींचे काय करायचे? तेव्हाचे नाव ठेवायचे की आजचे घालायचे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला असता, पण त्यावरून ग्वाल्हेरच्या एका घरात आजोबा आणि नातू यांच्यात महिनाभर अबोला होता, आणि ते घर आमच्या नात्यातले आहे.

माझ्या सासूबाईंचे धाकटे बंधू ग्वाल्हेरला लष्करात, नई सडकेवर राहतात. (तिथले लष्कर म्हणजे छावणी नव्हे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्याचेच पुढे शहर झाले.) आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. नोकरीनिमित्त त्यांचा विमानप्रवास पुष्कळ झाला आणि पहिल्या दिवसापासूनची वही त्यांच्याकडे आहे. नातू बंगळुरात संगणकाच्या कंपनीत आहे. मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला भेट म्हणून त्याने ती सगळी वही संगणकावर उतरवली, नकाशे काढले, एकूण किलोमीटर मोजले आणि सुंदर छापून आणली. हेतू उत्तमच होता. फक्त छापण्यापूर्वी त्याने एक गोष्ट केली. ज्या कंपन्या आज नाहीत त्यांच्या जागी त्या आज ज्या कंपनीत आहेत तिचे नाव घातले. संगणकाला हे एका आज्ञेत जमते.

परिणाम असा झाला की मामांच्या वहीत चार कंपन्या होत्या, नातवाच्या तक्त्यात एकच उरली. वायुदूत १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एअर इंडियाशी एक झाली. विस्ताराचे वर सांगितलेच. चौथी एअर इंडिया. ॲव्हरोतून हेलकावे खात केलेला प्रवास, वायुदूतच्या चिमुकल्या डॉर्नियरमधला प्रवास आणि नातवाकडे बंगळूरला जाताना विस्ताराच्या जांभळ्या विमानातला प्रवास, सगळ्यांपुढे एकच नाव.

मामांनी तक्ता चाळला आणि एका पानावर थांबले. त्या पानावरच्या मूळ नोंदी मामींच्या हातच्या होत्या. मामी २००५ मध्ये गेल्या. त्यांना एअर इंडियाच्या विमानात बसायची मोठी हौस होती, कारण त्या काळी देशातल्या देशात जाणारी ती इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी जाणारी ती एअर इंडिया, असा सरळ हिशेब होता. एअर इंडियात बसणे म्हणजे लंडन पाहणे. ते काही जमले नाही. आणि तक्त्यात छापले होते की मामींनी एअर इंडियाने अकरा प्रवास केले.

“जे तिला मिळालं नाही ते तू तिच्या नावावर अकरा वेळा लिहिलंस,” एवढेच मामा म्हणाले आणि तक्ता कपाटात ठेवून दिला.

नातवाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचे म्हणणे, विस्ताराच्या सभासदांचे गुण एअर इंडियाच्या खात्यात आले, त्या योजनेचेच नाव आता महाराजा क्लब झाले, विमाने आणि माणसेही तिकडे गेली. जुने नाव ठेवून कोणाला काय शोधता येणार? यात तथ्य आहे. (ग्वाल्हेरच्या माणसाला महाराजा क्लबाचे सभासद व्हावे लागले याची मामांनाही गंमत वाटते.) पण कंपनीचा वारसदार कोण, हा एक प्रश्न झाला आणि त्या दिवशी मी कोणाच्या विमानात बसलो, हा दुसरा. प्रवासाची वही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी असते.

माझी जाऊ धारवाडची. तिने हा वाद एका वाक्यात मिटवला. म्हणाली, लग्नात नाव बदलले म्हणून शाळेच्या दाखल्यावरचे अड्डहेसरू कोणी खोडतं का? माहेर म्हणा की तवरुमने म्हणा, सासरी आल्यावर ते नव्हतेच असे कोणी म्हणत नाही.

विलीन हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, आणि आपल्या दोन्ही भाषांच्या घरांना तो विमानांच्या आधीपासून माहीत आहे. जमखंडी, रामदुर्ग, मुधोळ या संस्थानांत जन्मलेली माणसे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेली आणि १९७३ मध्ये घरबसल्या कर्नाटकात पोचली. मामांचेही तेच. जन्म ग्वाल्हेर संस्थानातला, पाटी-पेन्सिल हातात आली तेव्हा मध्य भारत, शाळा संपेपर्यंत मध्य प्रदेश, आणि घर मात्र नई सडकेवरचे तेच. त्यांच्या जन्माच्या दाखल्यावरचे संस्थान खोडून मध्य प्रदेश लिहा, असे कोणी म्हटले तर कचेरीतला कारकूनसुद्धा ऐकणार नाही.

तसे पाहिले तर इंडियन एअरलाइन्स स्वतःच विलीनीकरणातून जन्मली. १९५३ मध्ये सरकारने विमानकंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा देशांतर्गत सेवेच्या आठ कंपन्यांची मिळून ती झाली. त्यांतली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाजकंपनीची होती. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ती जहाजकंपनी १९१९ मध्ये काढली, ती ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विकत घेऊन. म्हणजे ग्वाल्हेरचे नाव आगबोटीतून विमानात गेले आणि १९५३ मध्ये पुसले गेले. आजच्या नावाचाच नियम लावला तर १९५० च्या प्रवासापुढेही एअर इंडिया लिहावे लागेल. नातवाने हे ऐकले तेव्हा तो पहिल्यांदा जरा थांबला.

आता खरी अडचण. विलीनीकरणाची तारीख एक नसते. इंडियन एअरलाइन्सचेच पाहा. डिसेंबर २००५ मध्ये तिने नुसते ‘इंडियन’ हे नाव घेतले. ऑगस्ट २००७ मध्ये कागदोपत्री एअर इंडियाशी एकी झाली, पण जी नवी कंपनी निघाली तिचे नाव प्रवाशांना कधी दिसलेच नाही. विमानांवर हळूहळू एअर इंडिया रंगवले जाऊ लागले, तरी नंबरापुढे आयसी ही जुनी अक्षरे फेब्रुवारी २०११ पर्यंत चालू राहिली. मग २००९ च्या प्रवासापुढे काय लिहायचे? माझे मत, बोर्डिंग पासवर आयसी असेल तर आयसी लिहावे, आणि विमानावर कोणते नाव पाहिले ते शेऱ्यात. आयसी ८१४ म्हटले की १९९९ च्या डिसेंबरमधले काठमांडू, कंदाहार सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. एआय ८१४ म्हणून पाहा, काहीच उभे राहत नाही.

कंपनीच्या कागदावर विसंबू नये याचे दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. एअर डेक्कनने २००३ मध्ये बंगळूर-हुबळीसारख्या मार्गांवर स्वस्त विमाने सुरू केली आणि धारवाडकडची कितीतरी माणसे पहिल्यांदा विमानात बसली. पुढे किंगफिशरने डेक्कन घेतली असे आपण म्हणतो. कागदावर मात्र उलटे झाले. २००८ मध्ये किंगफिशरची विमानसेवा डेक्कनच्या कंपनीत विलीन झाली आणि मग त्या कंपनीने किंगफिशर हे नाव घेतले. परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षांच्या सेवेची अट होती आणि ती वर्षे डेक्कनची भरली होती. या हिशेबाने किंगफिशरचे जुने प्रवास डेक्कनच्या नावावर टाकायचे का? तसे कोणी करणार नाही. आणि २०१२ मध्ये किंगफिशरच बंद पडली, तेव्हा आजचे नाव लिहायचे म्हटले तर जागा कोरी सोडावी लागेल.

मामांचाही एक हट्ट मला पटला नाही. त्यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात डिसेंबरचे तिकीट काढले, ते विस्ताराचे. मधल्या काळात कंपनी विलीन झाली. विमान तेच, रंग जांभळाच, पण नंबर बदलला. विस्ताराच्या यूके या अक्षरांऐवजी एआय आले आणि जुन्या आकड्यामागे २ लागला, म्हणजे यूके ९५५ चे एआय २९५५ झाले. मामांनी वहीत विस्ताराच लिहिले, पैसे तिला दिले म्हणून. इथे नातवाचे बरोबर आहे. तिकीट काढल्याचा दिवस धरायचा नाही, विमान उडाले तो दिवस धरायचा. विस्ताराचा शेवटचा दिवस ११ नोव्हेंबर. त्यानंतरच्या प्रवासापुढे एअर इंडिया लिहावे, आणि विमान जांभळे होते हे शेऱ्यात लिहायला कोणाची ना नाही.

वैमानिकांच्या वहीत हा गोंधळ होत नाही. ते कंपनीपेक्षा विमानाला महत्त्व देतात. विमानाचा प्रकार आणि त्याची नोंदणीची अक्षरे लिहितात. भारतातल्या विमानांची ही अक्षरे व्हीटीने सुरू होतात आणि शेपटीकडच्या अंगावर रंगवलेली असतात. मालक बदलला, विमान देशातच राहिले, तर ती सहसा तीच राहतात. खिडकीतून दिसली तर टिपून घ्यावीत.

जुन्या वहीला हात न लावता शेजारी एक रकाना वाढवावा आणि त्यात ‘पुढे कोणात गेली’ हे वर्षासह लिहावे. नातवाला जे शोधायचे ते त्या रकान्यात सापडेल. आपण किती कंपन्यांच्या विमानांत बसलो हे मोजताना मात्र जुनाच रकाना मोजावा. गावांच्या नावांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदावर बेळगावचे बेळगावी झाले, त्यापूर्वीच्या नोंदी तशाच असू द्याव्यात. विमानतळांनी तरी कुठे बदलले? मुंबईची खूण अजून बीओएम आहे.

कोल्हापूरहून हैदराबादला अलायन्स एअरने गेलेल्यांनी आपली तिकिटे एकदा पाहावीत. तिथे प्रकार उलटा आहे. ती एअर इंडियाच्या कुटुंबातली, नंबरही एआयचे. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स सरकारकडेच राहिली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून तिचे नंबर वेगळे झाले. त्यापूर्वीच्या तिकिटावर एआय दिसले तरी वहीत विमान चालवणाऱ्या कंपनीचे, म्हणजे अलायन्सचेच नाव लिहावे आणि नंबर तिकिटावर आहे तसा. आणि हे काम लवकर करा. बोर्डिंग पासचा कागद उष्णतेने छापलेला असतो, दोन-चार वर्षांत अक्षरे उडून जातात. पाकिटात जपून ठेवलेले पुष्कळ पास मी पाहिले, ते दोन्ही बाजूंनी पांढरे झाले होते.