गिळायचा कॅमेरा

रक्त सारखे कमी होते, शौचाला काळे होते (लोहाच्या गोळ्यांनीही होते, ते वेगळे), आणि वरून-खालून दुर्बीण टाकूनही काही सापडत नाही. बंधू-भगिनींनो, 'सगळे नॉर्मल' म्हणून घरी बसू नका. मधले कित्येक फूट लहान आतडे पाहायचे राहिलेले असते. २००१ पासून वापरात आलेली कॅमेऱ्याची कॅप्सूल ते पाहते. सुमारे ८ तासांत ५०,००० च्या वर फोटो! आम्हा कारकुनांचे खतावणीतच डोळे शिणतात. डॉक्टरांच्या नजरेतूनही फिकट लाल डाग निसटू शकतो. संगणक फोटोचे रंग बदलून तो उठावदार करतो. मात्र पित्त साचलेले असले की फसगत होते, म्हणून मूळ फोटोही पाहावेच लागतात. आतड्याचा टीबी किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल, तर आधीच सांगा. अरुंद जागी कॅप्सूल अडकू शकते.