धर्म बदलला, जात बदलली का?

बौद्ध माणसाने चर्च कशाला पाहायचे, असा प्रश्न सहलीची वर्गणी गोळा करताना आम्हांला वस्तीत बऱ्याच जणांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. पण आम्ही धर्मांतर केलेला समाज आहोत. आमच्याआधी याच देशात ज्यांनी धर्म बदलला, त्यांचे पुढे काय झाले हे पाहणे आमच्या फायद्याचे आहे. लेण्यांची सहल आपण दरवर्षी काढतोच. या खेपेला आमच्या अभ्यासमंडळाने केरळमधील प्राचीन ख्रिस्ती स्थळे पाहण्याचे ठरविले आणि आम्ही बायकामुलांसह कोकण रेल्वेने निघालो.

पहिला मुक्काम कोडुंगल्लूर. येशूचा शिष्य सेंट थॉमस इ. स. 52 मध्ये याच किनाऱ्यावर उतरला, अशी तिथल्या ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे. जवळच अळिक्कोड येथे त्याच्या अस्थीचा अवशेष ठेवलेला आहे. तो 1953 मध्ये इटलीहून आणला. भाविकांची शांतता पाहून आमची पोरेही गप्प झाली. परंतु श्रद्धा वेगळी आणि पुरावा वेगळा, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले आहे. थॉमस खरोखर आला होता की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

पक्का पुरावा आहे तो कोल्लमच्या ताम्रपटांचा. इ. स. 849 मध्ये वेणाडच्या शासकाने कोल्लमच्या चर्चला जमीन, व्यापाराचे हक्क आणि करमाफी दिली. त्यावर अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत साक्षीदारांच्या सह्या आहेत. अकराशे वर्षांपूर्वी इतक्या धर्मांची माणसे एका दस्तऐवजावर सही करतात, ही मोठीच गोष्ट. मात्र त्याच ताम्रपटात जमिनीबरोबर ईळव आणि परीट अशी राबणारी कुटुंबेही चर्चला दिल्याची नोंद आहे. देणगीत माणसे! सह्या करणाऱ्यांची नावे इतिहासात उरली. ज्यांना देऊन टाकले त्यांची नावे कोणी लिहिली?

मट्टानचेरीला 1653 च्या शपथेची जागा पाहिली. पोर्तुगीज पाद्र्यांची सत्ता आम्ही मानणार नाही, अशी शपथ तिथल्या ख्रिस्ती लोकांनी क्रूसाला दोर बांधून, तो दोर हाती धरून घेतली होती. परक्यांची हुकमत झुगारणारा हा समाज मानी खरा. कोट्टायमच्या वाटेवर करुमाडी गावी काळ्या दगडातील भग्न बुद्धमूर्ती आहे. शरीराची एक बाजू तुटलेली, मुद्रा मात्र प्रसन्न. तिथे आम्ही सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले.

कोट्टायमच्या वलियपळ्ळी चर्चमध्ये दगडात कोरलेले प्राचीन क्रूस आहेत, त्यांवर पहलवी अक्षरे आहेत. कोरीव काम असे की नजर हटत नाही. हे चर्च क्नानाया समाजाचे. आपले पूर्वज इ. स. 345 मध्ये पश्चिम आशियातून आले, असे ते मानतात, आणि लग्ने आपल्याच समाजात करण्याची त्यांची परंपरा आहे. तिथे आम्हांला बाबासाहेबांचा 1916 चा निबंध आठवला. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या त्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, जातीचा प्राण आपसांतल्या लग्नांत आहे. देव कोणताही असो, लग्नाची चौकट बंद ठेवली की समाजाचे दार बंदच राहते.

या चौकटीबाहेर कोण उभे होते? पुलया आणि परया. हे लोक शेतात गुलाम म्हणून राबत. त्रावणकोरात गुलामगिरी 1855 मध्ये रद्द झाली. त्यासाठी मिशनऱ्यांनी खटपट केली, शाळा काढल्या, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण बाप्तिस्मा घेऊनही पुलया-परयांना जुन्या ख्रिस्ती लोकांच्या शेजारी बसता येत नसे. त्यांची प्रार्थनेची जागा वेगळी, लग्ने वेगळी. याच अपमानातून परया कुटुंबातले पोयकयिल योहन्नान उभे राहिले. त्यांनी चर्च सोडले आणि 1909 मध्ये ‘प्रत्यक्ष रक्षा दैव सभा’ स्थापन केली. आपल्या बायाबापड्यांना त्यांनी गुलामगिरीची आठवण जपायला शिकविले. इरविपेरूर हे त्यांचे गाव, आमच्या सहलीचा शेवटचा मुक्काम.

दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातीच्या सवलती 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने नाकारल्या. आपल्यालाही त्या तशाच नाकारल्या होत्या. 1990 मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. तेव्हा त्यांचे दुःख आपण नाही समजून घ्यायचे तर कोणी?

आता आपल्याकडे वळू. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. तरीही मुलीचे स्थळ पाहताना लाडवण की बावणे, सोमवंशी की आणखी कोणी, ही चौकशी काही घरांतून अजून होतेच. मातंग किंवा चर्मकार समाजातला शिकलेला, निर्व्यसनी मुलगा बौद्ध व्हायला तयार असला, तरी चार नातेवाईक तोंड फिरवतात. विहारात समता आणि बैठकीत पोटजात, हे कसे चालेल?

वधू-वर मेळावे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. परिचयपत्रातून पोटजातीचा रकाना काढून टाका. शिक्षण विचारा, व्यसन विचारा, पगार विचारा, फार तर गाव विचारा. आणि माता-भगिनींनो, पाहुणे पोटजातीवर आले की चहाचा कप पुढे करता करता तुम्हीच ठणकावून सांगा, “आमच्या घरात हा प्रश्न विचारत नाहीत.” शेकडो वर्षे क्रूसापुढे उभी राहूनही जी जात गेली नाही, ती नुसत्या वंदनेने जाणार नाही. तिला आपल्या सोयरिकीतूनच घालवावी लागेल.

जय भीम!