शुश्रूषेचा कायदा कोण लिहिणार?

नशिराबादसारख्या गावातून परिचर्येच्या शिक्षणासाठी जळगावला जाणाऱ्या शेतकरी-मजुरांच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवले जाते, औषधांची मात्रा शिकवली जाते. मात्र ज्या कायद्याखाली त्यांना उभे आयुष्य काम करायचे आहे तो कसा घडतो, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. या अज्ञानाची किंमत अखेर त्यांनाच मोजावी लागते.

अलीकडचेच उदाहरण पाहावे. राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाच्या विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्या वेळी परिचारिका करोनाच्या वॉर्डांत रात्रंदिवस राबत होत्या. मसुदा वाचण्यास त्यांना सवड कोठून मिळणार? पुढे 28 जुलै 2023 रोजी, मणिपूरवरून गदारोळ चालू असताना, लोकसभेने ते विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले; ऑगस्टमध्ये राज्यसभेनेही संमती दिली. 1947 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेत प्रत्येक राज्य परिषदेने निवडून दिलेल्या परिचारिकेला जागा होती; नव्या आयोगाची भिस्त सरकारी नेमणुकांवर आहे. एवढा मोठा बदल विद्यार्थिनींच्या वसतिगृहांतून चर्चिला गेल्याचे ऐकिवात नाही.

वेतनाचीही तीच कथा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना दरमहा किमान 20 हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. विखुरलेल्या श्रमिकांना बाजार न्याय देत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. केरळातील परिचारिकांनी संघटित लढा दिला आणि 2018 मध्ये किमान वेतनाची अधिसूचना पदरात पाडून घेतली.

विद्यार्थिनींनी राजकारणात पडू नये, असा उपदेश होईलच. परंतु संस्थाचालक मंत्रालयाच्या पायऱ्या चढतात तेव्हा त्याला कोणी राजकारण म्हणत नाही! रात्रपाळीला एका परिचारिकेवर किती रुग्ण सोपवावेत, हा प्रश्न गरीब रुग्णाच्याही जिवाचा आहे. मे 2022 मध्ये ठेकेदारी भरतीविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिकांना संपावर जावे लागले. निर्णयापूर्वी ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांच्या हाती शेवटी संपच उरतो.

कायदा संमत झाला तरी त्याखालील नियम आणि दुरुस्त्या होतच राहतात. म्हणून कार्यकर्त्यांनी हे मसुदे सोप्या मराठीत वसतिगृहांपर्यंत न्यावेत, सामुदायिक हरकती नोंदवाव्यात, आमदारांना जाब विचारावा, विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे दाद मागावी. परिचर्येची पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या प्रत्येकीचे नाव नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाच्या यादीत यावे. ही यादी प्रत्येक निवडणुकीस नव्याने तयार होते, याचा विसर पडू नये. रुग्णाच्या उशाशी जी जागते, तिचा शब्द विधिमंडळाच्या दारात अडता कामा नये.