याचना नव्हे, अधिकार

महालातील टाऊन हॉलने नागपूर महापालिकेचे कितीतरी वादविवाद ऐकले. मात्र पालिकेच्या शाळेसाठी जाहीरपणे निधी मागणाऱ्या पालकाकडे 'यांना काय कळते?' याच नजरेने पाहण्याची आपल्या सार्वजनिक जीवनाला सवय जडली आहे.

ही नजर कायद्याशीच विसंगत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला. याच समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि तोच अनुदानाचा आधार मानायचा, असे कलम २२ सांगते. म्हणजेच भर सभेत उभी राहून गळक्या छपराचा आणि रिक्त पदांचा जाब विचारणारी माता याचना करीत नाही. ती आपला वैधानिक अधिकार बजावते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा जनतेची तशी मागणीच नाही, हेही एक कारण सरकारपक्षाने पुढे केले होते. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. मौनाचा अर्थ राज्यकर्ते नेहमी आपल्या सोयीनेच लावतात!

आज निधी नाही म्हणून पट घसरतो आणि पट घसरला म्हणून निधी नाकारला जातो. आपली मुले खासगी शाळेत गेली, एवढ्यावरून गल्लीतील पालिकेची शाळा सुशिक्षितांना परकी झाली काय? ती मातेच्या अधिकाराची लढाई आहे. पण शाळा साऱ्या वस्तीची आहे. समितीच्या पुढच्या सभेत तिच्यामागे वस्ती उभी राहिली पाहिजे.